कुत्र्यांचा मुतखडा : काढलेला खडा फेकू नका, तपासून घ्या

प्रति,
मा. संपादक,
नाशिक

महोदय,

उन्हाळा सुरू झाला की 'आमच्या कुत्र्याला उन्हाळी लागली आहे' हे वाक्य आमच्या भागात वरचेवर कानी पडते. कुत्रे सारखे लघवीला बसते, थेंब थेंब करते, शिकवलेले असूनही घरात फरशीवर करते, लघवीला लालसर झाक येते. आणि घरची मंडळी स्वतःच्या अनुभवावरून तिला उन्हाळी समजून धण्या-जिऱ्याचे पाणी, ताक किंवा सब्जा देत दोन दिवस वाट पाहतात. माणसाला हा उपाय पुष्कळदा लागू पडतो, त्यामुळे तो मुक्या जनावरालाही करून पाहावासा वाटणे स्वाभाविक आहे. मात्र कुत्र्याच्या बाबतीत या लक्षणांमागे मूत्राशयातील जंतुसंसर्ग किंवा मुतखडा असण्याचा संभव बराच असतो, आणि नर कुत्रा असेल तर वाट पाहण्यात गेलेले ते दोन दिवस त्याच्या जिवावर बेततात. गेल्या तीन वर्षांत माझ्या घरातले एक आणि शेजारच्या इमारतीतले एक अशी दोन दुखणी मी अगदी जवळून पाहिली. एक जनावर वाचले, एक गेले. त्या दोन्ही अनुभवांतून जे कळले ते नाशिककर पशुपालकांपर्यंत आणि पशुवैद्यांपर्यंत पोहोचावे, म्हणून हे पत्र थोडे विस्ताराने लिहीत आहे.

आमची मैना गावठी कुत्री आहे. गंगापूर रोडवरील एका बांधकामाजवळ, वाळूच्या ढिगात ती आम्हाला महिनाभराची असताना सापडली. 'गावठी जनावराला असले नाजूक आजार होत नाहीत' असे मला अनेकांनी सांगितले होते आणि मीही ते खरे मानले होते. ती पाच वर्षांची असताना एका सकाळी फिरायला निघालो, तेव्हा सोसायटीच्या फाटकापासून कोपऱ्यावरच्या गुलमोहरापर्यंतच्या शंभरेक पावलांत ती सात वेळा बसली. पाठीची कमान करून, अंग ताठ धरून बराच वेळ बसायची आणि उठली की मातीवर जेमतेम रुपयाएवढा ओला डाग दिसायचा. शेवटच्या वेळी मी पांढरा रुमाल टेकवून पाहिला, तर तो गुलाबी झाला. त्याच दिवशी काढलेल्या एक्स-रेमध्ये मूत्राशयात चार खडे दिसले. त्यांतला मोठा सुपारीएवढा होता. दुसऱ्या दिवशी पोट उघडून ते काढण्यात आले. शस्त्रक्रिया चांगली झाली, टाके नीट भरले, त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती नंतरची. ते चार खडे मला स्टीलच्या ट्रेमध्ये दाखवण्यात आले आणि रक्ताळलेल्या कापसाबरोबर कचऱ्यात गेले. हे कोणत्या प्रकारचे खडे आहेत, असे मी विचारले तेव्हा 'खडा तो खडा, काढला की विषय संपला' असे उत्तर मिळाले. लघवीची जंतुपरीक्षा झाली नाही, शस्त्रक्रियेनंतर पुन्हा एक्स-रे काढला गेला नाही, आणि आहाराबद्दल 'पाणी भरपूर पाजा' यापलीकडे सूचना मिळाली नाही. पाच दिवसांच्या गोळ्या संपल्या. आठ महिन्यांनी मैना पुन्हा त्याच गुलमोहराखाली सात-आठ वेळा बसू लागली.

या वेळी आम्ही दुसऱ्या पशुवैद्यांकडे गेलो. त्यांनी पोट हळुवार चाचपले, नवा आणि जुना एक्स-रे शेजारी शेजारी लावून पाहिले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "बाई, मागचा खडा कुठे आहे?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. तो खडा हाती असता तर उपचाराची दिशा अर्ध्या तासात ठरली असती, असे ते म्हणाले. मी माध्यमिक शाळेत तीस वर्षे विज्ञान शिकवले आहे. क्षार, आम्ल आणि आम्लारी यांचे प्रयोग मुलांकडून करून घेतले आहेत. तरीही आपल्या कुत्रीच्या पोटातला खडा म्हणजे एक ठरावीक रासायनिक पदार्थ आहे आणि तो ओळखल्याखेरीज त्यावर इलाज करणे म्हणजे अंधारात दगड मारणे आहे, हे मला तोवर सुचले नव्हते, याची खंत वाटते.

कुत्र्यांमध्ये आढळणारे खडे मुख्यत्वे चार प्रकारचे असतात आणि त्यांचे स्वभाव एकमेकांच्या विरुद्ध असतात, हाच या विषयाचा गाभा आहे. पहिला स्ट्रुव्हाईट, म्हणजे मॅग्नेशियम अमोनियम फॉस्फेट. कुत्र्यांमध्ये तो बहुतेक वेळा जंतुसंसर्गातून होतो. स्टॅफिलोकोकस किंवा प्रोटियस यांसारखे जंतू युरिएज नावाचे विकर (एन्झाइम) तयार करतात, ते विकर लघवीतल्या युरियाचे अमोनियात रूपांतर करते, त्यामुळे लघवी आम्लारिधर्मी होते आणि एरवी विरघळलेले राहणारे क्षार थरावर थर साचून खडा बनतो. मादीची मूत्रनलिका आखूड आणि रुंद असल्याने जंतूंना वर चढणे सोपे जाते, म्हणून हा खडा माद्यांमध्ये जास्त दिसतो. हे जंतू खड्याच्या थरांमध्येही अडकून बसलेले असतात. वरवरच्या पाच दिवसांच्या गोळ्यांनी लघवीतले जंतू मरतात, लक्षणे थांबतात, आणि जंतूंचे मूळ जिथल्या तिथे राहिले तर तीच कहाणी पुन्हा सुरू होते. या खड्याची जमेची बाजू अशी की तो योग्य आहाराने आणि योग्य प्रतिजैविकाने मूत्राशयातच विरघळवता येतो.

कॅल्शियम ऑक्सलेटचा खडा याच्या अगदी उलट. तो कोणत्याही औषधाने किंवा खाद्याने विरघळत नाही. त्रास देत असेल तर तो बाहेर काढावाच लागतो. शिह त्झू, ल्हासा ॲप्सो, मिनिएचर श्नाउझर, यॉर्कशायर टेरियर अशा लहान जातींच्या, मध्यम वय ओलांडलेल्या नरांमध्ये तो अधिक आढळतो, आणि नाशिकच्या सदनिकांमध्ये आज यांतल्याच जातींची हौस वाढलेली आहे. तिसरा युरेट, म्हणजे यूरिक आम्लाचा क्षार. डाल्मेशियन जातीत यूरिक आम्लाच्या चयापचयाचा जन्मजात दोष असतो, त्यामुळे त्यांच्या लघवीत यूरिक आम्ल फार उतरते. इतर जातींच्या लहान वयाच्या कुत्र्यात हा खडा सापडला, तर यकृताला वळसा घालून जाणारी सदोष रक्तवाहिनी आहे का, हे पाहावे लागते. डाल्मेशियनला रोज मटणाच्या दुकानातून प्रेमाने कलेजी आणून घालणारी माणसे मला ठाऊक आहेत. त्यांनी ती कृपया थांबवावी, कारण कलेजीतल्या प्युरिनपासूनच हे आम्ल बनते. चौथा सिस्टिनचा, म्हणजे प्रथिनांमधल्या एका अमिनो आम्लाचा खडा. तो प्रामुख्याने नरांमध्ये होतो, आणि काही जातींत खच्चीकरण केल्यावर त्याचे प्रमाण घटते.

आता प्रश्न असा, की खडा पोटात असताना तो कोणता हे कसे कळणार? संपूर्ण खात्रीने कळत नाही, मात्र चार-पाच खुणा एकत्र मांडल्या की पशुवैद्याला चांगला अंदाज बांधता येतो. वय, जात आणि मादी की नर हे तर समोर दिसतेच. लघवीचा सामू (pH) सातच्या वर, म्हणजे लघवी आम्लारिधर्मी, आणि सोबत जंतुसंसर्ग असेल तर पारडे स्ट्रुव्हाईटकडे झुकते. आम्लधर्मी लघवीत ऑक्सलेट, युरेट किंवा सिस्टिनची शंका येते. स्ट्रुव्हाईट आणि ऑक्सलेट एक्स-रेमध्ये ठळक पांढरे दिसतात, तर युरेट आणि सिस्टिन पुष्कळदा अंधूक दिसतात किंवा दिसतच नाहीत. म्हणून एक्स-रे स्वच्छ आला तरी त्रास कायम असेल तर सोनोग्राफीला पर्याय नाही. एक गोष्ट मात्र पालकांनी लक्षात ठेवावी. लघवीच्या अहवालात 'क्रिस्टल्स' असा शब्द दिसला म्हणजे खडा आहे असे होत नाही. निरोगी कुत्र्याच्या लघवीतही स्फटिक आढळतात, आणि सकाळी घेतलेला नमुना फ्रिजमध्ये ठेवून संध्याकाळी तपासला तर थंडाव्याने त्यात नसलेले स्फटिकही तयार होतात. नमुना घेतल्यापासून तासाभरात तपासला जावा, असा आग्रह धरायला हवा.

नमुना घेण्याचेही एक तंत्र आहे. मैनाची सकाळची पहिली लघवी मी आमटीच्या लांब दांड्याच्या पळीत धरायला शिकले. पळी गरम पाण्याने धुऊन कोरडी करायची, मैना बसली की मागच्या बाजूने अलगद खाली सरकवायची, आणि औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या निर्जंतुक डबीत ओतायची. पहिले दोन दिवस ती दचकून उठली. तिसऱ्या दिवसापासून तिने पळीकडे लक्ष देणे सोडले. सामू आणि घनता पाहायला हा नमुना चालतो. जंतूंच्या वाढीच्या परीक्षेसाठी, म्हणजे कल्चरसाठी, मात्र तो चालत नाही, कारण त्यात कातडीवरचे जंतू मिसळतात. त्यासाठी डॉक्टरांनी सोनोग्राफीत पाहत बारीक सुईने थेट मूत्राशयातून लघवी घेतली. हे ऐकताना अंगावर काटा येतो, परंतु मैनाने साधे इंजेक्शन घेताना करते तेवढीही कुरकुर केली नाही. अहवाल तीन दिवसांनी आला. आधीच्या वेळी दिलेल्या गोळ्यांना तिच्या मूत्राशयातले जंतू दाद देत नव्हते, हे त्या कागदावर स्पष्ट लिहिलेले होते.

अमेरिकन कॉलेज ऑफ व्हेटरनरी इंटर्नल मेडिसिन या तज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली कुत्र्या-मांजरांच्या मुतखड्यांवरील उपचारांबाबत एकमताने शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्यांत स्ट्रुव्हाईटची लक्षणे जुळत असतील आणि लघवीचा मार्ग मोकळा असेल, तर पोट उघडण्याआधी खडा विरघळवण्याचा प्रयत्न करावा, असे स्पष्ट म्हटले आहे. मैनाच्या बाबतीत डॉक्टरांनी तोच मार्ग धरला. कल्चरप्रमाणे प्रतिजैविक, आणि मॅग्नेशियम, फॉस्फरस व प्रथिने मोजून घातलेले, लघवी आम्लधर्मी आणि पातळ ठेवणारे खास औषधी खाद्य. या खाद्यासोबत दुसरे काहीही द्यायचे नाही, ही अट मात्र कठोर आहे. पोळीचा तुकडा नाही, दुधाचा चमचा नाही, बिस्कीट नाही. तिसऱ्या आठवड्यात लघवीचा सामू पुन्हा चढला, तेव्हा शोध घेता कळले की तळमजल्यावरचा एक छोटा मित्र तिला रोज शाळेत जाताना ग्लुकोजची दोन बिस्किटे देत होता. त्याला समजावून सांगितल्यावर त्यानेच तिच्या पट्ट्याला 'मला खाऊ देऊ नका, माझे औषध चालू आहे' अशी चिठ्ठी बांधली. चौथ्या आठवड्याच्या एक्स-रेमध्ये खडे निम्म्याहून लहान झालेले दिसले. त्या सुमाराला खडे लहान झालेच नसते, तर तो स्ट्रुव्हाईट नसावा असे समजून शस्त्रक्रियेचा विचार करायचा, हेही आधीच ठरलेले होते. हे खाद्य सर्वांना चालत नाही हे येथे नमूद करायला हवे. गाभण मादी, वाढीचे पिल्लू, मूत्रपिंड किंवा हृदय कमकुवत असलेले जनावर यांना ते डॉक्टरांच्या सल्ल्याविना कदापि सुरू करू नये.

सातव्या आठवड्यात एका पहाटे पळीत 'टक्' असा आवाज झाला. दिव्याखाली नेऊन पाहिले तर तुरीच्या डाळीएवढा, पिवळसर पांढरा, कडा झिजलेला एक कण तळाशी पडला होता. डॉक्टरांनी तो टिपकागदावर कोरडा करून डबीत घातला आणि इन्फ्रारेड तंत्राने खड्यांचे पृथक्करण करणाऱ्या प्रयोगशाळेत पाठवला. खडा कधीही फॉर्मॅलिनमध्ये बुडवून पाठवू नये, त्याने त्याचे मूळ रासायनिक स्वरूप बदलू शकते, हे मला तेव्हा कळले. अहवालात मॅग्नेशियम अमोनियम फॉस्फेट असेच आले. नवव्या आठवड्यात मूत्राशय स्वच्छ झाले. पुढे महिनाभर खाद्य चालू ठेवून ते थांबवले. आता दर तीन महिन्यांनी लघवीची तपासणी होते आणि पहिल्या शंकेला कल्चर केले जाते, कारण हा खडा पुन्हा होऊ नये यासाठी खरा पहारा जंतूंवर ठेवायचा असतो.

घरगुती उपायांबद्दल मला थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण आपल्याकडे मुतखडा म्हटला की हुलग्याचे कढण, पानफुटीची पाने आणि बार्लीचे पाणी ही नावे जिभेवर असतात. हे पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत आणि त्यांच्याविषयी मला अनादर नाही. परंतु सुपारीएवढा खडा कढणाने विरघळेल या भरवशावर राहिल्यास वेळ जातो, आणि तेवढ्यात संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढू शकतो. यापेक्षा गंभीर गोष्ट आहे ती औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या, लघवीची जळजळ थांबवणाऱ्या सायट्रेटच्या गोड औषधाची. ते लघवी आम्लारिधर्मी करते. ऑक्सलेट, युरेट किंवा सिस्टिनचा खडा असलेल्या कुत्र्याला पशुवैद्य याच कारणासाठी पोटॅशियम सायट्रेट मुद्दाम देतात. आणि स्ट्रुव्हाईट असलेल्या कुत्रीला तेच पाजले तर खड्याला हवे तसे वातावरण आपण आपल्या हाताने तयार करून देतो. एकाच बाटलीत एकाचे औषध आणि दुसऱ्याच्या आजाराला खतपाणी आहे. खडा ओळखणे का आवश्यक आहे, हे यावरून ध्यानात यावे. वेदनाशामक गोळ्यांबाबत तर इतकेच सांगते, की माणसाची आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा पॅरासिटामॉल कुत्र्याला कधीही देऊ नका. पहिल्या दोन औषधांनी कुत्र्याच्या जठरात रक्तस्राव होतो आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

मूत्रपिंडांचा विषय निघालाच आहे तर नाशिकमध्ये राहून एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक आहेत. काही कुत्र्यांत थोड्या प्रमाणातही त्यांनी मूत्रपिंडे बंद पडतात. हंगामात आपल्या घराघरांत पाट्या भरून द्राक्षे येतात, गळलेले मणी अंगणात पडलेले असतात, आणि 'फळच तर आहे' म्हणून ती कुत्र्यापुढे टाकली जातात. ती टाकू नयेत.

आता नर कुत्र्याविषयी. नराच्या जननेंद्रियात एक हाड असते आणि मूत्रनलिका त्या हाडाच्या खाचेतून जाते. तिथे नळी रुंदावू शकत नाही, त्यामुळे मूत्राशयातून निसटलेला ज्वारीच्या दाण्याएवढा खडाही त्या हाडाच्या मागे येऊन अडकतो आणि लघवी पूर्ण तुंबते. रक्तातले पोटॅशियम वाढत जाते, हृदयाचे ठोके मंदावतात आणि वेळीच वाट मोकळी झाली नाही तर मूत्राशय फुटून किंवा हृदय थांबून जनावर दगावते. कुत्रा वारंवार पाय वर करतो आणि काहीच येत नाही, पोटाचा खालचा भाग ताठ लागतो, उलटी होते, तो कोपऱ्यात जाऊन बसतो, ही लक्षणे दिसताच तो तासाभराच्या आत दवाखान्यात पोहोचला पाहिजे. पोट दाबून लघवी काढण्याचा प्रयत्न चुकूनही करू नये. ताणलेले मूत्राशय त्यामुळे फुटू शकते.

शेजारच्या इमारतीतला नऊ वर्षांचा शिह त्झू असाच गेला. दोन दिवस त्याला उन्हाळी समजून बार्लीचे पाणी पाजले जात होते, म्हणजे ज्या पिशवीला बाहेर जायची वाट नव्हती तिच्यात आणखी भर पडत होती. तिसऱ्या दिवशी रात्री अकराला त्या घरातली मुलगी त्याला दुपट्यात गुंडाळून माझ्याकडे आली आणि "काकू, आता कुठे नेऊ?" असे विचारू लागली. आम्ही पाच ठिकाणी फोन केले. कुठे कोणी उचलला नाही, कुठे एक्स-रेची सोय सकाळी दहानंतर होती. एका ठिकाणी दार उघडले, पण नळी आत जाईना, आणि मुंबईला न्या असे सांगण्यात आले. नाशिकहून मुंबई दीडशे किलोमीटरहून अधिक दूर, मधे कसारा घाट. इगतपुरी ओलांडल्यावर मागच्या सीटवर त्या मुलीच्या मांडीवरच त्याचा श्वास थांबला. त्या रात्री दार उघडणाऱ्या माणसाला मी दोष देत नाही. त्याने निदान दार उघडले.

परंतु या प्रसंगी जे करायला हवे होते त्यासाठी मुंबईची गरज नव्हती, हे नंतर समजल्यावर मनाला फार लागले. ताणलेल्या मूत्राशयातून सुईने थोडी लघवी काढून ताण उतरवायचा, शिरेतून सलाईन देऊन आणि औषधे देऊन पोटॅशियमचा हृदयावरील परिणाम आटोक्यात आणायचा, भूल देऊन बारीक नळीतून वंगणमिश्रित सलाईन दाबाने सोडायचे आणि अडकलेला खडा मागे मूत्राशयात ढकलून द्यायचा. एकदा वाट मोकळी झाली की खडा काढण्याची शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी शांतपणे करता येते. याला नळ्या, सलाईन, भूल आणि सराव लागतो. सराव हीच यातली महाग वस्तू आहे, आणि तो करून घेण्याची जबाबदारी एकट्या डॉक्टरवर टाकून चालणार नाही.

म्हणून माझी पहिली विनंती शहरातील पशुवैद्यांना आहे. खडा काढलात तर तो पालकाच्या हाती कोरड्या डबीत द्या किंवा तपासणीला पाठवा. शस्त्रक्रियेनंतर त्याच दिवशी एक एक्स-रे काढा, कारण नजरेतून सुटलेला एखादा खडा आत राहून जाणे हे अनुभवी हातूनही घडते, आणि मग 'पुन्हा झाला' म्हणून जो खडा दिसतो तो मुळात गेलेलाच नसतो. आपापसांत ठरवून रात्रीच्या पाळीची यादी करता आली आणि ती प्रत्येक दवाखान्याच्या दारावर लावता आली, तर रात्री अकराला पाच फोन करण्याची वेळ कोणावर येणार नाही.

दुसरी विनंती महाराष्ट्र शासनाच्या पशुसंवर्धन विभागाला आणि नाशिक महानगरपालिकेला आहे. शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यांची रचना प्रामुख्याने गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांसाठी झाली, आणि आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने ते योग्यच होते. शहर वाढले तसे कुत्र्या-मांजरांचे दुखणेही वाढले आहे. निदान एका शासकीय केंद्रात चोवीस तास एक्स-रे, सोनोग्राफी आणि तुंबलेली लघवी मोकळी करण्याची सोय असावी. मुंबईच्या परळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून चालू आहे आणि २००० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली ते आज काम करते. जिल्ह्यात काढलेले खडे गोळा करून अशा संस्थेकडे पृथक्करणासाठी पाठवण्याची व्यवस्था झाली, तर नाशिकच्या कुत्र्यांमध्ये कोणता खडा अधिक होतो, कोणत्या वयात होतो, कोणते जंतू सापडतात, याची नोंद तयार होईल. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाचे केंद्र १९८१ पासून हेच करीत आले आहे. जगभरातून आलेल्या लाखो खड्यांच्या नोंदींवरूनच तेथील तज्ज्ञांना दिसले, की सुरुवातीच्या काळात स्ट्रुव्हाईटचे प्रमाण मोठे होते आणि पुढे ऑक्सलेटचे वाढत गेले. एकेक खडा जपून ठेवल्याशिवाय असे काही दिसत नाही.

रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांना वेगळे सांगायचे आहे. दोन महिने एकच खाद्य आणि वेळेवर गोळ्या हा उपचार बेवारस जनावराला शक्य नसतो. तिथे शस्त्रक्रिया करून खडा काढणे हाच योग्य मार्ग, आणि ती करताना तोच खडा तपासायला देणे आणखी महत्त्वाचे, कारण त्या जनावराला पुन्हा पकडून आणण्याची संधी मिळेलच असे नसते.

पालकांनी घरी करण्याजोगे थोडेच आहे, पण ते रोज करावे लागते. लघवी जितकी पातळ, तितके क्षार साचणे कठीण; खड्याची प्रवृत्ती असलेल्या कुत्र्याच्या लघवीची विशिष्ट घनता, म्हणजे पाण्याच्या तुलनेतली घनता, १.०२० च्या खाली राहावी, असे तज्ज्ञ सांगतात. कोरड्या दाण्यांत कोमट पाणी ओतून ते ओले करून द्यावे, पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवावीत, आणि सदनिकेत राहणाऱ्या कुत्र्याला दिवसातून दोनदाच खाली नेण्याऐवजी चार-पाच वेळा न्यावे. दिवसभर रोखून धरलेल्या लघवीत क्षार आणि जंतू दोघांनाही सवड मिळते. फिरवताना मोबाइल खिशात ठेवून कुत्रे किती वेळा बसते, किती वेळ बसते आणि खाली किती ओले होते, एवढे पाहावे. काही बदल दिसला तर त्याच दिवशी लघवी तपासावी.

मैनाच्या खड्याचा तपासणीतून उरलेला तुकडा प्रयोगशाळेने परत पाठवला आहे. तो, त्याचा अहवाल आणि तिचे सगळे एक्स-रे मी एका फाईलमध्ये लावून ठेवले आहेत. परगावी जाताना ती फाईल सोबत असते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
गंगापूर रोड, नाशिक